माझ्या तोंडात बल्ब

मी भट्टी बोलतेय. या इटालियन हॉटेलच्या दर्शनी भिंतीत बसलेली, विटांची, घुमटासारख्या पाठीची. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात. काढा बापडे. पण माझ्या तोंडात दिसतो तो जाळ नाही. नारिंगी कागदामागे बल्ब लावलाय आणि कागद फडफडावा म्हणून छोटा पंखा. अठ्ठावीस वर्षं ज्या तोंडाने निखारे गिळले, त्या तोंडात हे!

मला एका आचाऱ्याने स्वतःच्या हातांनी रचलं. दोनदा घुमट कोसळला. तिसऱ्यांदा त्याची बायको टेकू धरून बसली, तेव्हा कुठे उभी राहिले. तो लाकडं लावायचा, ती पीठ मळायची. माझा ताव बघायला त्यांना यंत्र लागलं नाही. तो माझ्या फरशीवर चिमूटभर पीठ टाकायचा आणि ती मोजायची. सातपर्यंत तांबूस झालं की पिझ्झा आत. पाचातच करपलं तर थांबायचं. बाहेर आलेला पहिला पिझ्झा ती आधी उलटा करायची. "वरून काय, कुणीही नटतं. तळ दाखव." तळावर काळे ठिपके असायचे. ती माझी सही.

आचारी गेला, तिचे गुडघे गेले. हॉटेल लेकाकडे आलं आणि त्याने नूतनीकरण काढलं. सजावट करणारा एक टापटीप गृहस्थ आला. मला टिचक्या मारून म्हणाला, "हिचा लुक भारी आहे. फक्त धूर नको." झालं, माझं धुरांडं सिमेंटने बुजवलं. स्वयंपाकघरात पोलादी यंत्र आलं. त्याचा जाळीचा पट्टा कारखान्यातून आलेला गोठवलेला पिझ्झा एकीकडून आत ओढतो, दुसरीकडून बाहेर ढकलतो. बाहेर फलक मात्र झळकतोय : 'आईच्या भट्टीची चव'. लाज कशी ती नाहीच.

आता त्याला आणखी चार हॉटेलं काढायचीत. त्यासाठी हवी आईची बरणी. आंबवलेल्या पिठाची. रोज त्यातलं थोडं नव्या पिठात घालायचं, थोडं मागे ठेवून जगवायचं. नवऱ्याबरोबर लावलेलं ते पीठ तिने आजवर जगवलंय. लेकाला ते कारखान्याला द्यायचं होतं, म्हणजे पाकिटांवर आईचं नाव छापता येईल. ती म्हणाली, "आधी जेवते. जेवण पटलं तर बरणी तुझी."

गेल्या शनिवारी संध्याकाळी ती आली. बरणी मांडीवर घेऊन बसली. सूप कोमट. पास्ता म्हणजे भिजलेली सुतळी. कोशिंबिरीची चार पानं काळ्या दगडी पाटीवर आली तेव्हा म्हणाली, "पाटीवर वाढलंय? शाळेत आलेय का मी?" लेक उगाच हसला.

मग पिझ्झा आला. तिने तो सरळ उलटा केला.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांनीही आपापले उलटे करावेत." तळ पांढराफटक, त्यावर जाळीचे चौकोन. "ही जाळी कुठली रे?"

"भट्टीतलाच आहे गं. नवी पद्धत."

माझ्यादेखत बोलला! ती उठली. टेबलं धरत धरत माझ्यापाशी आली आणि कोपरापर्यंत हात माझ्या तोंडात घातला. वाढपी ओरडला, "आजी, भाजेल!" त्या बिचाऱ्यालाही खरंच वाटत होतं.

तिचा तळवा माझ्या फरशीला लागला. गारठलेली फरशी. जमीन दुभंगली असती तर मी तिथेच आत गेले असते. तिने तो कागद टराटरा ओढून काढला.

"तुझा बाप गेला ना," ती म्हणाली, "त्यानंतर न पेटवताही दोन दिवस ही गरम होती."

"आई, तमाशा नको. धंदा आता असाच चालतो. बरणी दे."

"कर की धंदा. यंत्राचं खाऊ घाल, कोण नको म्हणतंय? पण यंत्राचं म्हणून सांग. माझ्या नावावर हे खपवायचं नाही."

बरणी कुशीत घेऊन ती निघून गेली. तिच्यामागे एकेका टेबलावर पिझ्झे उलटे व्हायला लागले. लेक प्रत्येकापुढे हात जोडत फिरत होता. मला जराही दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा कागद आणला. पहिल्यापेक्षा लाल.

तर ऐक रे, आचाऱ्याच्या लेका. बुजवलेलं धुरांडं फोडून लाकडं आण, नाहीतर सरळ घण आण. घण आणलास तर विटा आईच्या दारात नेऊन ओत. त्यांचं काय करायचं ते ती ठरवेल. तुझ्या गिऱ्हाइकांसमोर खोटं बोलायला मला उभी करू नकोस. तुझ्या बापाने मला त्यासाठी रचलेलं नाही.