कप्तानाच्या पिस्तुलाचा घोडा

"जहूरभाई, मला एवढंच सांगा, घ्यायचं की नाही?" चंद्रहासने तिसऱ्यांदा विचारलं.

 टेबलावर पांढरं फडकं अंथरून जहूरने पिस्तूल सुटं करून ठेवलं होतं. नळी, वरचा सरकता भाग, स्प्रिंग, मुठीच्या दोन लाकडी पट्ट्या. एकेक तुकडा उचलून तो दिव्याखाली धरत होता आणि होता तिथे परत ठेवत होता. शेवटी त्याने घोडा उचलला. चाप ओढला की मागून ठोका देतो तो पोलादाचा तुकडा, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. भिंगातून त्याने तो एकदा पाहिला, मग पालथा करून पुन्हा पाहिला. बराच वेळ त्याचा हात दिव्याखाली तसाच राहिला.

"काही प्रॉब्लेम?"

"नाय साहेब. चार वाजता या. चार वाजता सांगतो."

चंद्रहास मूळचा पुण्याचा. मस्कतच्या कुरुम भागात एका ओमानी व्यापाऱ्याचा जुन्या शस्त्रांचा खासगी संग्रह होता, त्याची सगळी व्यवस्था तो बघायचा. डिसेंबरात त्या संग्रहाचं दालन लोकांसाठी उघडायचं होतं. तलवारी, खंजीर, लांब नळीच्या बंदुका सगळं जमलं होतं; ओमानी सैनिकाने खरोखर वापरलेलं, सैन्याने दिलेलं एक पिस्तूल तेवढं हवं होतं. किनाऱ्यावरच्या खाबुरा गावच्या एका दिवंगत कप्तानाचं पिस्तूल त्याच्या बायकोने विकायला काढलं, तेव्हा चंद्रहासला घबाड मिळाल्यासारखं वाटलं. निवृत्तीच्या वेळी सैन्याने ते कप्तानाला भेट दिलं होतं, तसं पत्रही होतं. परदेशातल्या एका तज्ज्ञाने फोटो पाहून लेखी कळवलं होतं, की सर्व भाग मूळचे, अस्सल आणि अतिशय दुर्मीळ अवस्थेतले आहेत. रुवीच्या बाजारातल्या मुस्तफाच्या दुकानात ते आणलं होतं ते फक्त साफ करायला आणि, जमलंच तर, जहूरच्या तोंडून एक हो ऐकायला.

मुस्तफाच्या दुकानात पुढे चांदी आणि खंजीर, मागे कारखाना. तो कारखाना म्हणजे जहूर. रत्नागिरीला फिटरचं शिक्षण घेऊन तो ब्याऐंशी साली मस्कतला उतरला आणि दोन वर्षं पाइपलाइनवर काढून मुस्तफाच्या वडिलांकडे लागला. लग्नात मिरवायच्या बंदुका, आजोबांच्या रायफली, गंजून बसलेले चाप, सगळं त्याच्या टेबलावरून सुरळीत होऊन गेलं. पावतीवर नाव दुकानाचं असायचं. आता तो एकसष्टचा होता. दोन हजार चौदा संपत आलं होतं; जानेवारीत व्हिसा संपणार होता आणि तो कायमचा घरी जाणार होता.

दुपारी दुकान बंद झाल्यावर तो वादी अदाईला घरी आला. गुलबानूने सुरमईचं कालवण केलं होतं. तो नीट जेवत नाही हे बघून तिने काय झालं ते विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं.

एक्क्याण्णव साली कप्तान स्वतः ते पिस्तूल घेऊन आला होता. दगडावर पडून घोड्याची मागची, अंगठ्याने ओढायची शेपटी तुटली होती. बाहेरून भाग मागवायचा तर वर्ष लागलं असतं. कप्तान म्हणाला, तू कर. पण होता तसा कर. जहूरने पोलादाचा ठोकळा घेऊन अकरा दिवस कानस चालवली होती. तापवून, विझवून पोलादाला पाणी द्यायला तो तीनदा चुकला, चौथ्यांदा जमलं. मूळ घोड्यावर सैन्याच्या तपासनिसाचा तांदळाच्या दाण्याएवढा मुकुटाचा शिक्का होता. तसा शिक्का त्याने सुईएवढ्या छिन्नीने कोरून घोड्यावर मारला. कप्तानाने घोडा अंगठ्याने मागे ओढला, आवाज ऐकला आणि काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता तो विलायतचा मानूस म्हणतो, हा घोडा फॅक्टरीचा हाय," जहूर म्हणाला.

गुलबानूला त्यात वाईट काय ते कळेना. त्या बाईला आपल्या नवऱ्याचं पिस्तूल तिथे लागलेलं हवंय, साहेबाला ते हवंय, अर्बाबला, म्हणजे मुस्तफाला, दुकानाचं नाव हवंय. दीड महिन्याने आपण इथे नसणार. कशाला तोंड उघडायचं? शिवाय शिक्का मारला हे ऐकून अर्बाब बिथरला, तर जाताजाता इतक्या वर्षांची इज्जत जाईल. हे ती हळूच, पण एकामागून एक बोलत गेली. जहूर ऐकत होता. ती म्हणाली त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

पण त्याला स्वस्थ बसू न देणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती तिला सांगायचीही त्याला लाज वाटत होती. सकाळी भिंगातून आपला घोडा ओळखला तेव्हा आधी भीती वाटली नव्हती. ऊर भरून आला होता. तेवीस वर्षं खाऱ्या हवेत राहून त्याची एक कड झिजली नव्हती. जगभरची पिस्तुलं बघितलेल्या माणसाला तो परका वाटला नव्हता. हे आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, आणि गप्प राहिलो तर कधी कुणाला कळणारही नाही. खोटं बोलणं वाईट हे तर होतंच. पण आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर जाताना मुकाट्याने बघणं त्याच्याने होणार नव्हतं.

"माजा काम हाय गुलबानू," तो ताट सारून म्हणाला. "मी नाय सांगितला तर कोन सांगंल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग हात धुवायला पाणी दिलं.

चार वाजता दुकानात चंद्रहासच्या आधी वजीरा येऊन बसली होती. कप्तानाची बायको. सत्तरी उलटलेली, ताठ पाठीची बाई. पुतण्याने खाबुऱ्याहून आणून तिला दारात सोडलं होतं आणि तो गाडी लावायला गेला होता. ती बलुची घरातली, त्यामुळे हिंदी तिला चांगलं यायचं. मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे हे पिस्तूल कुणाच्या तरी कपाटात गंजेल, त्यापेक्षा लोक येतील आणि माझ्या माणसाचं नाव वाचतील अशा जागी ते राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ते ऐकल्यावर जहूरला आणखी जड झालं. मुस्तफाने सगळ्यांसाठी कहवा मागवला. चंद्रहास कागदपत्रांची फाइल घेऊन आला आणि बसण्याआधीच त्याने जहूरकडे बघून भुवया उंचावल्या.

"साहेब, बाकी सगला मूळचा हाय," जहूर म्हणाला. "नली तीच, वरचा भाग तोच, नंबर तिन्ही ठिकानी जुळतो. घोडा कंपनीचा नाय. तो मी बनवलाय."

चंद्रहास हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने फाइल उघडून तज्ज्ञाचं पत्र काढलं आणि घोड्याबद्दलचं वाक्य मराठीत करून वाचून दाखवलं. जहूरभाई, तुम्ही हजारो घोडे दुरुस्त केले असतील, तुमची गल्लत होतेय, असं तो समजुतीने म्हणाला. शिवाय शिक्का आहे ना त्यावर.

जहूरने वाद घातला नाही. त्याने घोडा भिंगाखाली ठेवला आणि चंद्रहासला आतली बाजू बघायला सांगितली. पिस्तुलाच्या चौकटीत जाते म्हणून कुणी घासून गुळगुळीत करत नाही ती बाजू. तिथे कानशीच्या केसासारख्या रेघा होत्या, डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या. मग त्याने टेबलाला जोडलेल्या वाइसच्या जबड्यात लोखंडाची एक पट्टी अडकवली, डाव्या हातात कानस घेतली आणि आठ-दहा हात मारले. तो डावखुरा होता. लहानपणी त्याबद्दल मदरशात त्याने पुष्कळ छड्या खाल्ल्या होत्या. जेवायला, लिहायला तो उजव्या हातावर आला, पण कानस कधी उजवीकडे गेली नाही. पट्टी सोडवून त्याने ती घोड्याशेजारी ठेवली.

चंद्रहासने वाकून पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं. दोन्हीकडच्या रेघा एकाच बाजूला, उजव्या हाताच्या उलट, झुकल्या होत्या.

"आणि शिक्का?" त्याने विचारलं. आवाज खाली आला होता.

"तो पन मीच मारला."

"का?"

"कप्तान बोलले, होता तसा कर. काम पुरा करायचा तर पुरा, असा तवा वाटला. आता वाटता, तेवढा नको होता."

मुस्तफा इतका वेळ कपाटाला टेकून उभा होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण शिक्का हा शब्द आणि सगळ्यांचे चेहरे त्याला कळले होते. त्याने हिंदीत विचारलं, जहूरने हिंदीत सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त कठीण गेलं, कारण आता वजीरालाही समजत होतं. बोलणं संपल्यावर तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, आपा, मला माफ करा.

वजीराने कहव्याचा कप खाली ठेवला. माफी कसली, असं तिने विचारलं. तिचा नवरा घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ते पिस्तूल काढायचा, रिकामं आहे हे दाखवायचा आणि घोडा ओढायचा. फॅक्टरीवाला एक ही बार गिरा और टूट गया, म्हणायचा, ये मस्कत के हिंदी का, हिंदुस्तानी कारीगर का है, ये मुझसे पहले नहीं टूटेगा. खाबुऱ्यात निम्म्या लोकांना ही गोष्ट ठाऊक होती.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" चंद्रहासने हिंदीत विचारलं.

"मुझसे किसी ने पूछा ही नहीं," ती म्हणाली. "सब फोटो खींचते रहे."

 चंद्रहासने पत्र घडी करून फाइलमध्ये ठेवलं. संग्रह करणाऱ्यासाठी एक बदललेला भाग म्हणजे किती फरक, ते त्याला चांगलं माहीत होतं; मालकाला कसं सांगायचं याचा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण जहूरला विचारताना या वेळी त्याचा सूर सकाळसारखा नव्हता. शिकाऊ माणूस उस्तादाला विचारतो तसा होता.

"मग आता तुम्हीच सांगा. घ्यावं का?"

"अस्सल नग म्हनून घेऊ नका," जहूर म्हणाला. "त्या भावात तर अजिबात नको. फौजेच्या कपाटात पडून राहिलेला, हात न लागलेला नग हवा असंल तर हा तो नाय. पन कप्तानाचा म्हनून घ्या. त्यांनी तो वापरला, पाडला, दुरुस्त करून घेतला, मरेपर्यंत जवल ठेवला. जसा हाय तसा लिवा आनि लावा. मग कोनी भिंग घेऊन आला तरी खाली बघायची पाळी नाय येनार."

निर्णय लगेच झाला नाही. मालकाने आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांत मुस्तफा जहूरशी कामापुरतंच बोलला. नवव्या दिवशी चंद्रहासचा फोन आला, की पिस्तूल घेतोय, कमी किमतीत; कप्तानाचं नाव सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरांत हवं, ही वजीराची अट मालकाने मान्य केली आहे. परवान्याचे कागद महिनाभरात होतील. फोन ठेवून मुस्तफा मागे आला आणि म्हणाला, की परवा संग्रहाच्या आणखी सहा वस्तू तपासायला येताहेत, आणि त्यांनी सांगितलंय, सही दुकानाची नको, जहूरची हवी. इतक्या वर्षांत त्याची सही दुकानाच्या कुठल्याच कागदावर लागली नव्हती. त्या सहांपैकी दोन त्याने नापास केल्या. 

डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी तो गुलबानूला घेऊन कुरुमला गेला. सामान बरंचसं बांधून झालं होतं. तिने ईदला शिवलेला ड्रेस घातला होता. दालन लख्ख होतं, गार होतं, आणि माणसं दबक्या आवाजात बोलत होती. पिस्तूल मधल्या कपाटात, निळ्या मखमलीवर होतं. घोडा मागे ओढलेला ठेवला होता, त्यामुळे तो नीट दिसत होता.

खाली अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेली पाटी होती. गुलबानूला दोन्ही वाचता येत नव्हतं. जहूरने तिला वाचून दाखवलं. वर कप्तानाचं नाव, त्याची पलटण, सैन्याने भेट दिल्याचं वर्ष. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, घोडा नंतर बसवलेला, मस्कत, १९९१.

"तुमचा नाव कुठं हाय?"

"हाय ना. मस्कत लिवलाय."

चंद्रहास लगबगीने आला. नाव टाकायचं त्याच्या मनात होतं, पण पाट्या बाहेरून छापून आल्या आणि तोवर उशीर झाला होता, असं तो ओशाळून म्हणाला. जहूरने त्याचा हात हातात घेतला. लिहिलंय ते खरं आहे, बस झालं, असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

गुलबानू मात्र कपाटासमोरून हलेना. तीस वर्षांत नवरा दुकानात काय करतो ते तिने त्याच्या नखांतल्या काळ्यावरून तेवढं ओळखलं होतं. एक हैदराबादी कुटुंब फिरत फिरत तिथे आलं. त्यातली बाई पिस्तुलावर नजर टाकून पुढच्या तलवारीकडे निघाली होती. गुलबानूने तिची बाही धरली.

"वो पीछेवाला घोडा देखो," ती तोडक्या हिंदीत म्हणाली. नवऱ्याचं नाव ती आजवर घेत आली नव्हती, आताही घेतलं नाही. हनुवटीने त्याच्याकडे दाखवलं. "वो इन लोगने बनाया."

ती बाई परत वळली आणि काचेजवळ वाकली. जहूर संकोचून चार पावलं बाजूला सरकला आणि शेजारच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. त्यात अजून काहीच लावलेलं नव्हतं.