अकारविल्हे पाणी

ग्रंथपालबाईंना एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं, की त्या सरळ म्हणत, "मला माहीत नाही, शोधून सांगते." एकोणतीस वर्षांत त्यांनी अंदाजपंचे उत्तर एकदाही दिलं नव्हतं. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत. म्हणूनच "पर्यावरणाची माहिती तुम्हीच भरा बाई, तुमच्यावर विश्वास आहे," असं प्राचार्य म्हणाले तेव्हा त्या खूश झाल्या. विश्वासाच्या नावाखाली गळ्यात काय काय पडतं, हे त्यांना या वयात तरी कळायला हवं होतं.

काम असं, की आपलं कॉलेज पर्यावरण कितपत सांभाळतं याचा तक्ता शुक्रवारपर्यंत भरायचा. तो संकेतस्थळावर लागणार, कॉलेज निवडणारी मुलं आणि त्यांचे आईबाप तो वाचणार, आणि खाली माहिती देणार म्हणून बाईंची सही. विजेची बिलं ऑफिसात सापडली. कचऱ्याचं वजन कँटीनवाल्याकडे मिळालं. झाडं तर बाईंनी स्वतः फिरून मोजली, तीही दोनदा, कारण पहिल्या वेळी एक विद्यार्थिनी मध्येच पुस्तकाची मुदत वाढवून मागायला आली आणि आकडा डोक्यातून गेला. अडलं ते पाण्यापाशी. पाणी कॉलेजच्याच विहिरीचं, त्यामुळे बिल नाही. मागच्या पाच वर्षांचा महिनावार वापर हवा होता आणि तो एकाही फायलीत नव्हता.

मंगळवारी बाई प्राचार्यांकडे गेल्या.

"सर, पाण्याचे आकडे मिळत नाहीत. रकाना रिकामा ठेवू?"

"मागची तीन वर्षं रिकामाच गेलाय. किती वाईट दिसतं ते! अहो, अंदाजे टाका. दरवर्षी थोडं थोडं कमी दाखवा. विहिरीत डोकावून बघायला कोण येतंय?"

"सही माझी आहे सर."

"म्हणूनच तर! तुमच्या सहीवर कोणी शंका घेणार नाही."

प्राचार्य वाईट नव्हते. घाईत होते, आणि घाईतली माणसं दुसऱ्याची सही फार सढळ हाताने वापरतात. बाई मात्र घरी आल्या त्या तोंड पाडूनच. त्यांचे यजमान टपाल खात्यात पत्रं निवडून खणाखणांत टाकण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता विचारलं, "ज्याच्या हातात मोटरचं बटण आहे त्याला विचारलंस का?"

बाईंनी चार दिवस फायली उपसल्या, पण हे सुचलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

बुधवारी सकाळी त्या इमारतीमागच्या पंपाच्या खोलीत गेल्या. पंप चालवणाऱ्याला सगळं कॉलेज पंपमामा म्हणे. बाईंना दारात बघताच मामांचा चेहरा पडला. ते घाईघाईने भिंतीकडे सरकले आणि एका कपाटासमोर हात पसरून उभे राहिले. पण तीस ड्रॉवरांचं कपाट एका हडकुळ्या माणसामागे कसं लपणार?

"बाई, चूक झाली माझी," मामा म्हणाले.

बाईंनी कपाट ओळखलं. त्यांच्याच ग्रंथालयातलं होतं ते, कार्डांचं. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, लेखकाच्या नावाप्रमाणे अकारविल्हे लावलेलं, अक्षर बाईंचं. नऊ वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा त्यांनीच मामांना सांगितलं होतं, "हे सगळं रद्दीत देऊन टाका."

"मामा, कपाटाचं राहू द्या. मला पाण्याचा हिशोब हवाय. मीटर कधी बघता का?"

"रोज बघतो. जुन्या प्राचार्य सरांनी सांगितलं होतं, रोज लिहून ठेवायचं. वही भरली, दुसरी मागायला गेलो तर ऑफिसातले म्हणाले, आता संगणक येणार. तो काही इथपर्यंत आला नाही. पण लिहू नका असंही कोणी म्हणालं नाही ना." मामांनी आवाज खाली आणला. "मग या कार्डांच्या मागे लिहायला लागलो. मागची बाजू कोरीच होती."

बाईंनी एक ड्रॉवर ओढून कार्ड उलटं केलं. तारीख, आणि तिच्यापुढे मीटरचा आकडा, गोल, सावकाश अक्षरात. दुसरं उलटलं, तिसरं उलटलं. त्यांचे डोळे भरून आले. पण पुढच्याच क्षणी ते पांढरे व्हायची वेळ आली, कारण पहिलं कार्ड होतं सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातलं, दुसरं मागच्या महिन्यातलं आणि तिसरं भलत्याच वर्षाचं.

"मामा, हे तारखेप्रमाणे नाही?"

"कसं असेल? खोलीत ओल फार. ड्रॉवर उघडला नाही तर फुगून बसतो. म्हणून रोज वेगळा उघडायचा, हाताला येईल ते कोरं कार्ड काढायचं, लिहायचं, आणि जिथून काढलं तिथंच परत." मामा जरा अभिमानाने म्हणाले, "तुमची पाटीच होती ना तशी, 'कार्ड जिथून काढले तिथेच ठेवा.' एक कार्ड इकडचं तिकडे नाही झालं बाई."

नऊ वर्षांचं पाणी होतं, तेही अकारविल्हे! बाई आधी हसल्या, मग मटकन स्टुलावर बसल्या. हातात दोन दिवस होते.

त्यांनी यजमानांना फोन केला. ते आले ते दोन चष्मे घेऊनच. ग्रंथालयाच्या लांब टेबलांवर ड्रॉवर ओतले गेले. यजमानांनी आधी वर्षांचे ढीग केले, मग महिन्यांचे, आणि त्यांचा हात असा चालू लागला की बाई बघतच राहिल्या. "पस्तीस वर्षं घरी विचारायचीस ना, त्या कामात काय अक्कल लागते म्हणून?" ते म्हणाले. बाईंनी मुकाट्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. मनातून मात्र त्या या माणसाचे दोन्ही हात जोडून आभार मानत होत्या.

गुरुवारी दुपारी तीन वर्षांपूर्वीचा ढीग लागला आणि आकड्यांशेजारी शब्द दिसू लागले. "गळती. ऑफिसात सांगितलं." आठवड्याने पुन्हा तेच. अशी चौदा कार्डं. मग एका सुट्टीच्या दिवसाचं कार्ड निघालं. "खणलं. सांधा बदलला." त्या दिवसापासून रोजचं पाणी एक तृतीयांशाने उतरलं होतं आणि पुन्हा कधी चढलं नव्हतं.

शुक्रवारी बाईंनी तक्ता प्राचार्यांपुढे ठेवला. पाण्याचे साठही महिने भरलेले होते. 'पाणीबचतीसाठी केलेले उपाय' यात पहिल्या क्रमांकावर पंपमामांचं पूर्ण नाव, आणि त्यांनी सुट्टीत येऊन जमिनीखालचा सांधा बदलला ही नोंद. 'माहितीचा स्रोत' या रकान्यातही तेच नाव.

"आणि आपण केलेला तो पाणीबचतीचा जनजागृती सप्ताह?" प्राचार्यांनी विचारलं.

"आहे की सर. दुसऱ्या क्रमांकावर."

प्राचार्यांनी कार्डांच्या छायाप्रती चाळल्या. चौदाही वाचल्या. घाई कुठे गेली कोण जाणे. "हे चौदा वेळा कोणाला सांगितलं होतं त्यांनी?"

"मला माहीत नाही सर," बाई म्हणाल्या. कार्डावर नुसतं 'ऑफिसात' एवढंच होतं.

"पाठवा," प्राचार्य हळूच म्हणाले. "असंच पाठवा." बाईंनी सही केली.

मग तक्त्याची एक प्रत घेऊन त्या पंपाच्या खोलीत गेल्या. मामांनी आपलं नाव बोट ठेवून वाचलं, दोन्ही ठिकाणी. मग काळजीने म्हणाले, "सुट्टीत आलो होतो हे नको होतं लिहायला. परवानगी नव्हती."

"मामा, तुम्ही माझी लाज राखलीत. एकोणतीस वर्षांची. कसे उपकार फेडू सांगा. पण एक विचारते. मी कार्डं रद्दीत द्यायला सांगितली होती, तुम्ही दिली का नाहीत?"

मामा थोडे घुटमळले.

"तुम्ही तोंडाने सांगितलंत बाई. पण त्या दिवशी तुम्ही तिसांतला एकेक ड्रॉवर उघडलात, कार्डांवरून हात फिरवलात आणि मग बंद केलात. मी दारातच उभा होतो. रद्दीला असं कोणी करत नाही. म्हटलं, आज ना उद्या मागायला येतील."

मामांनी तक्ता नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि मोटर बंद करायला उठले.