बन्सीआबांनी सांगितलेली शेवटची सिरीज

सुज्ञ वाचकहो, पुढील कथेत एका बहिऱ्या मनुष्याच्या मानपानाचा, आणि त्या मानपानापायी एका निरपराध सुनेची जी वाताहत झाली तिचा वृत्तांत सादर होणार आहे. दयामाया या कथेत फारशी आढळणार नाही. घडले तेच कठोर होते, म्हणून लेखणीही तशीच चालविली आहे.

लिंबायतच्या एका अरुंद गल्लीत बन्सीलाल नावाचे गृहस्थ राहत. मूळचे अमळनेरकडचे. ऐन तारुण्यात पोटामागे सुरतेस आले आणि सारी हयात त्यांनी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर घालविली. जेथे शेकडो लूम एकदम खडखडतात तेथे मनुष्यास स्वतःची हाकदेखील ऐकू येत नाही. म्हणून कारागीर एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलतात, आवाज काढण्याची गरजच पडत नाही. या विद्येबरोबर त्यांच्या कारखान्यात एक रीतही पाळली जाई. कोणी तोंडावर रुमाल धरून बोलू लागला, की समोर जो उभा आहे त्याचीच निंदा चालली आहे असे खुशाल समजावे. शिवी दिलेली एक वेळ चाले, परंतु तोंडावर धरलेल्या रुमालावरून डोकी फुटत.

लूमने बन्सीलालांचे कान खाल्ले. आधी डावा गेला, मग उजवा गेला, आणि त्यांच्या मागोमाग कामही गेले. पत्नी कलाबाई तर त्याआधीच देवाघरी गेलेल्या. घरी उरले दोघे, मुलगा ललित आणि सून धनश्री. ललित मार्केटात साड्यांच्या दुकानावर गिऱ्हाइके पटवी. त्याने जन्मात लूमला हात लावला नव्हता. दिवसभर परक्या बायकांशी गोड बोलून दमलेला तो पुत्र घरी बापाशी एक अक्षर बोलत नसे. धनश्री मात्र सासऱ्यासमोर येऊन उभी राही, तोंड समोर धरी आणि एकेक शब्द सावकाश उच्चारी, "आबा, भाकर वाढू का?" हे एवढे वाक्य आबांना दिवसभर पुरत असे. आपण सावकाश बोलतो म्हणूनच आबांना कळते, असा त्या भोळीचा समज होता. ओरडून बोलले की म्हाताऱ्याला थोडे ऐकू येते, असे ललितसह साऱ्या गल्लीने धरले होते.

ललितने नवा मोबाइल घेतला तेव्हा जुना बापाच्या हातात पडला. त्यात महिन्याच्या वर्गणीवर सिरीज दिसत. आबा सकाळी बसले की एकामागून एक भाग पाहत, ते थेट दिवेलागणीपर्यंत. अडचण एकच होती. सिरीज बहुतेक परदेशातल्या होत्या. वर 'हिंदी' असे लिहिलेले असे, म्हणून ही गोरी माणसे हिंदीच बोलत असणार असे धरून आबा त्यांचे ओठ वाचू जात. परंतु आवाज मागाहून चढविलेला होता, ओठ भलतेच हालत आणि हाती काही लागत नसे. आबांनी ठरविले की गोऱ्यांना शब्द चावून खाण्याची खोड आहे. मग चेहऱ्यांवरून ते स्वतःच कथा जुळवीत आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीला सांगत.

"आबा, सुट्टीना दिवस काय देखानं?" गल्लीतली पोरे विचारीत.

"बर्फवाली देखा," आबा हात उंचावून सांगत. "पोलीस बाई शे. तिनी धाकली जाऊ हार चोरीसन पळनी. बाई बर्फमा तिले शोधस. रडाले येस, रुमाल लीसन बसा."

पोरांनी ती पाहिली. तिच्यात जाऊही नव्हती आणि हारही नव्हता, पहिल्याच भागात एका बाईचे प्रेत निघाले. हसून हसून पोरांची पोटे दुखली. परंतु आबांना कोणी काही बोलले नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर दुप्पट गर्दी होऊ लागली. पलीकडच्या गल्लीतून माणसे येत, समोर बसत, माना डोलावीत. आबांच्या मुखावर तेज चढले. बहिरे झाल्यापासून ज्यांनी त्यांना रामराम घातला नव्हता तेही आता "आबा, आज कोणती?" असे विचारीत. आणि ललित, जो बापाकडे ढुंकून पाहत नसे, तो रोज समोर मोबाइल धरून बसू लागला. लेकाला आपला अभिमान वाटतो, हे पाहून म्हाताऱ्याचा ऊर भरून येई.

एके संध्याकाळी गर्दीत छगन येऊन बसला. छगन म्हणजे लूमवरचा त्यांचा जन्माचा सोबती. आबा रंगात येऊन सांगत होते. मध्येच शेजाऱ्याने छगनला काही विचारले. छगनने आबांकडे पाहिले, खांद्यावरचा रुमाल ओढला, तोंडावर धरला, आणि मग उत्तर दिले. त्याचे खांदे हसण्याने हालत होते.

भरल्या पंगतीतून हात धरून उठवावे तसे आबांना झाले. त्यांची नजर ललितकडे वळली. ललितला कारखान्याची रीत ठाऊक नव्हती, त्याचे तोंड उघडेच होते.

"बोलू द्या त्याले," तो पोरांना सांगत होता. "बहिरं ढोर शे, काय बी बरळस. मी रोज व्हिडिओ टाकस, लोके हसी-हसी मरतस. अख्ख्या मार्केटमा फेमस व्हयना म्हातारा."

आबांनी सिरीज अर्धी न सोडता शेवटापर्यंत सांगितली. घरात जाऊन मात्र ते जेवले नाहीत. धनश्री दोनदा विचारून गेली. त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधीच ओट्यावर हजर झाले. गर्दी जमली, ललितने मोबाइल रोखला.

"आज नवी सिरीज," आबा म्हणाले. "देशी शे. एक घर शे. नवरा साडीना दुकानवर. बायको लाखमा एक. लग्नले बरीच साले व्हयनी, घरमा पाळणा नहीं."

"मंग?" पोरे खिदळली.

"मंग काय, गल्ली म्हणे बाई वांझ. हळदीकुंकूले कोणी बलावे नहीं. नवरा ऐकी ले आणि गुपचूप बसे. पण बाई रांधता रांधता बहिणीसंगे फोनवर रडस. म्हणस, डॉक्टर काय बोलना ते मालेच माहीत. दोष माले नहीं, त्याले शे. त्यानी माले शपथ घाली, कोणले सांगू नको."

हसणे एकेका चेहऱ्यावरून उतरत गेले. कोणी कोणाकडे पाहीना. पाठीमागच्या एकाला अजून उमगले नव्हते, त्याने ओरडून विचारले, "आबा, सिरीजनं नाव काय शे?"

"नाव ललितले इचारा," आबा म्हणाले. "त्याना मोबाइलमा रेकॉर्ड चालू शे."

ललितचा चेहरा राखेसारखा झाला. आबांनी तो डोळे भरून पाहिला आणि त्यांना पुरते समाधान वाटले. इतक्यात त्यांचे लक्ष दाराकडे गेले. धनश्री त्यांच्यासाठी चहा घेऊन उंबऱ्यावर उभी होती. नेहमीप्रमाणे तिने तोंड समोर धरले. या वेळी ती सावकाश बोलली नाही, तरी आबांना अक्षर न अक्षर कळले.

"आबा, मी तुमनं काय बिघाडं व्हतं?"

त्या घरात उघड्या तोंडाने त्यांच्याशी बोलले गेलेले ते शेवटचे वाक्य.

घरातली गोष्ट बाहेर फोडली म्हणून ललितने तिला तेथेच मारले. गल्ली पाहत राहिली. नवराबायकोच्या भांडणात कोणी पडावे, असे म्हणून जो तो आपल्या घरात शिरला. आबाही ओट्यावरून उठले नाहीत. सकाळी ललित तिला मोटारसायकलवर बसवून सुरतेजवळच्या सचिन गावी, माहेरी टाकून आला. तिच्या कपड्यांची पिशवी त्याने मागाहून एका रिक्षावाल्याच्या हाती पाठविली. माहेरच्यांनी तिला पदरी घेतले, परंतु तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बहिऱ्याला कसे कळेल, हिनेच गावभर केले असणार, असे तिचा सख्खा भाऊ म्हणाला.

म्हातारा ओठ वाचतो, हे पुढे छगनकडून फुटले आणि आता गल्लीतल्या लेकरांनाही ठाऊक झाले आहे. आबा ओट्यावर बसतात. माणसे समोरून जातात, आणि जाताना रुमाल, पदर, नाहीतर नुसता तळहात तोंडावर धरतात. ललित ताट ठेवतो तो पाठ फिरवूनच ठेवतो. छगन तर ती गल्लीच टाळतो.

आबांच्या हातातला जुना मोबाइल तेवढा चालू असतो. तोंड न झाकता त्यांच्यासमोर बोलणारी माणसे आता तेवढीच उरली आहेत, ती गोरी. आबा त्यांचे ओठ न्याहाळीत बसतात आणि त्यांना एक शब्दही कळत नाही.

कथा येथे संपली. शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास पदरात घ्यावे. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा अंतःकरणापासून आभारी आहे.

आपला नम्र,
प्रमोद सोमा बिऱ्हाडे
लिंबायत, सुरत