लाल पट्टीच्या मागे

थोरलीने बुटांचा जुना खोका उघडला, नवीन सहा कार्डं आत घालायला जागा केली, आणि तिची बोटं लाल पट्टीपाशी अडली.

औषधांच्या दुकानात तिची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे खेळातल्या तिच्या पुजाऱ्याचे मंत्रही तिने औषधांसारखेच लावले होते, अक्षरांप्रमाणे नाही, तक्रारीप्रमाणे. जखमा, विषं, ताप, भुतंखेतं. मंत्र काय करतो, किती वेळ टिकतो, फासे किती टाकायचे, सगळं एका कार्डावर. एकदाच चालणारा मंत्र वापरला, की पाठीवर तारीख घालून कार्ड लाल पट्टीच्या मागे.

एवढा खटाटोप कशासाठी? दर रविवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत चौघं खेळायला जमत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ; डॉक्टर गोष्ट सांगत तो चालवत. थोरलीची पाळी आली, की जाड पुस्तक चाळण्यात दहा मिनिटं जात.

"पुजारी येईपर्यंत रोगी स्वर्गात," टेलरमास्तर म्हणत, आणि धाकटी बहीण सगळ्यांत मोठ्याने हसे. थोरलीही हसे. पण घरी येऊन तीन महिने ती मान मोडून कार्डं लिहीत बसली होती.

एकदाच चालणारा मंत्र तिने अजून एकही वापरला नव्हता, त्यामुळे लाल पट्टीच्या मागे आज काहीच असायला नको होतं. एक कार्ड होतं.

पुनर्जीवन. मेलेल्याला उठवणारा मंत्र, पुजाऱ्याच्या अख्ख्या आयुष्यात एकदाच. मागच्या डावात धाकटीचं पात्र, एक चोरटी, दरीत पडून मेली, तेव्हा ती खरोखरीच रडवेली झाली होती आणि थोरलीने तिला शब्द दिला होता, पुढच्या वेळी उठवते. पुढच्या रविवारी सकाळी धाकटीचाच फोन आला. डॉक्टर तापाने फणफणलेत, आज खेळ नाही. खोका नेहमीसारखा दवाखान्याच्या कपाटातच होता.

थोरलीने कार्ड उलटलं. पाठीवर त्याच रविवारची तारीख होती. अक्षर धाकटीचं. हे आकडे थोरलीनेच तिला लहानपणी हात धरून गिरवायला शिकवले होते. चोरून खेळली, पण तारीख घालायला विसरली नाही पोरगी.

संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. खोका इतका नेटका झाला होता, की आता कोणीही पुजारी होऊ शकत होतं. आपल्याच हाताने तिने आपली खुर्ची रिकामी करून दिली होती. तिने कार्ड होतं तिथेच ठेवलं.

"डॉक्टर, ताप उतरला का?" सगळे जमल्यावर तिने विचारलं.

"कसला ताप?"

मास्तर खाकरले.

"हां, तो! उतरला की," डॉक्टर घाईने म्हणाले. "चला, सुरू करू. चोरटीचं प्रेत दरीच्या काठावर पडलंय. पुजारी काय करतो?"

"उठवशील ना गं ताई?" धाकटीने लाडात विचारलं.

थोरलीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग खोका पुढ्यात ओढला.

"उठवते की. कार्ड शोधते हं. घाई नाही ना कोणाला?"

तिने जखमांपासून सुरुवात केली. एकेक कार्ड पूर्ण वाचायचं, पालथं ठेवायचं, मग दुसरं. जखमा संपल्या, विषं संपली. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, पण आज त्यांना विनोद सुचला नाही. ताप संपला. भुतंखेतं संपली.

"इथेच तर होतं. खोक्याला कोणी हात नाही ना लावला?"

"छे छे," डॉक्टर म्हणाले.

थोरलीने कार्डं गोळा केली आणि पुन्हा जखमांपासून सुरुवात केली. धाकटी खुर्चीत चुळबुळत होती. मास्तरांची जांभई देऊन झाली.

"अगं ताई, लाल पट्टीच्या मागे बघ ना!" शेवटी धाकटी वैतागून म्हणाली.

म्हणाली, आणि तिने हातातला फासा मुठीत घट्ट धरला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

थोरलीने पट्टीला हातही लावला नाही.

"तिथे वापरलेली कार्डं असतात, बाळा," ती म्हणाली, आणि खोका उचलून तिने धाकटीच्या पुढ्यात ठेवला.