सहा थरांचा टवका

जरा वाका. अजून थोडं. हां, आणि श्वास बेताने सोडा, नाहीतर उडून जाईन मी आणि मग बसाल शोधत! मी टवका बोलतोय, गाडीच्या रंगाचा टवका. आकाराने तिळाएवढा, तोही एका कोपऱ्यात तुटका. माझ्यासारखे शेकडो तुम्ही केरात लोटले असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकदा माझ्या या तिळाएवढ्या अंगावर एका माणसाचं अख्खं आयुष्य टांगलेलं होतं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वरून पाहाल तर मी निळा. पण निळा हा माझा शेवटचा सदरा. त्याच्या आत आणखी पाच आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. कोऱ्या पत्र्याच्या मडगार्डवर आधी राखाडी प्रायमर फवारला आणि त्यावर पांढराशुभ्र रंग. गाडी झाली रुग्णवाहिका. काय तो रुबाब! रस्ताभर माणसं बाजूला व्हायची, आणि ती मला बघून होतात असा माझा कित्येक वर्षं समज होता. सायरन नावाची काही चीज असते हे मला फार उशिरा कळलं.

मग गाडी म्हातारी झाली आणि एका शाळेने ती घेतली. मडगार्डचे पोचे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले, घासघास घासलं आणि वर चढवला पिवळा. पोरं माझ्यावर कंपासच्या टोकाने नावं कोरायची. त्यानंतर आला आइस्क्रीमवाला, त्याने गाडी गुलाबी केली. ते दिवस गोड होते, अगदी खरोखरचे गोड! इतके चिकट हात लागायचे की मला मुंग्या लागायच्या. खोटं सांगत नाही.

आणि मग भंगार. दोन वर्षं आमचं मडगार्ड टायरांच्या ढिगाखाली पालथं पडलं होतं. कुत्रंही हुंगेना.

तिथून आम्हाला उचललं ते मामांनी. मामा म्हणजे लाँड्रीच्या गाडीचे ड्रायव्हर. सख्खे मामा कोणाचे होते कोण जाणे, पण सगळी लाँड्री त्यांना मामाच म्हणायची. त्यांच्या गाडीचं मडगार्ड गंजून गेलं होतं. चार मडगार्डं बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, आमच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हा पत्रा अस्सल आहे. हाच द्या." मला इतकं भरून आलं म्हणून सांगू!

लाँड्रीत दोन गाड्या होत्या. एक मामांची, दुसरी गप्प्याची. गप्प्या दिवसाला मोजून तीन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक "येतो" असायचं. मालकाने दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगाने निळ्या करून घेतल्या. हा माझा सहावा थर. रोज सकाळी मामा स्वतःच्या रुमालाने मला पुसायचे आणि म्हणायचे, "चल रे राजा." मला राजा म्हणणारं दुसरं कोणी मला भेटलेलं नाही.

आता अवघड भाग आला.

त्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. दवाखान्याच्या चादरी पोचवायच्या होत्या आणि उशीर झाला होता. मामा एका हाताने थर्मासचं झाकण लावत होते. रस्ता झाडणाऱ्या मावशी आपली ढकलगाडी घेऊन कडेने चालल्या होत्या. त्या मामांना दिसल्याच नाहीत. दणका माझ्याच कडेला बसला. मी मडगार्डवरून सुटलो आणि मावशींच्या स्वेटरच्या बाहीच्या दुमडीत जाऊन पडलो.

ब्रेक लागला. गाडी थांबली. मी मनात म्हटलं, आता दार उघडेल. आता मामा उतरतील.

मग गिअर पडल्याचा आवाज आला आणि गाडी निघून गेली.

मावशी कण्हत होत्या, मग कण्हायच्याही थांबल्या. चाळीस मिनिटांनी एक दूधवाला आला. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित पाय वाचला असता. तो गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात मावशींचे कपडे कागदी पिशवीत घातले. एक नवशिकी नर्स प्लास्टिकची पिशवी घेऊन आली होती, तिला मोठ्या सिस्टरनी थांबवलं. "ओले कपडे प्लास्टिकमध्ये कोंदटतात, बुरशी धरते, मग तपासणारे काय तपासणार कपाळ?" पिशवीला लाखेचं सील लागलं, नंबर पडला. त्यानंतर ती ज्याच्या ज्याच्या हातात गेली त्याने सही केली, वेळ लिहिली. इतका मान मला रुग्णवाहिकेवर असतानाही मिळाला नव्हता.

अशा रीतीने मी प्रयोगशाळेत आलो. बाहेर साधी सरकारी इमारत, लिफ्ट बंद, जिन्यावर चहाचे डाग. पण आतली ती खोली! पांढरी टेबलं, पांढरे कोट, तोंडाला मास्क, आणि कोणी मोठ्याने खोकतसुद्धा नाही. तिथल्या मॅडमनी पांढऱ्या कागदावर स्वेटर हलकेच झटकला. धागे पडले, माती पडली, पाल्याचा चुरा पडला. आणि मी पडलो. मॅडमनी भिंग लावलं आणि चिमटा उचलला. "अरे, हे काय बसलंय इथे?" त्यांना त्या क्षणी शिंक आली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी मला असं उचललं की मला चिमटा लागलासुद्धा नाही. मग कागदाच्या पुडीत ठेवलं, जशी पूर्वी डॉक्टर औषधाची पूड द्यायचे तशी.

तपास करणारे साहेब घाईत होते. मावशी सापडायच्या बऱ्याच आधी, रतीब घालताना, दूधवाल्याने लाँड्रीची निळी गाडी धुक्यात पळताना पाहिली होती, नंबर दिसला नव्हता. गप्प्याच्या गाडीला पुढे ताजा पोचा होता. फाटकाच्या खांबाला घासली, असं त्याने एकदा सांगितलं आणि सवयीप्रमाणे गप्प बसला. त्या गप्प बसण्यानेच त्याला गोत्यात आणलं. साहेबांनी त्याला कोठडीत टाकलं, त्याच्या पोच्यापासचा रंग खरवडून आणला, आणि उगाच राहायला नको म्हणून मामांच्या गाडीच्या दाराचाही थोडा आणला.

"निळ्याला निळा जुळतोय ना मॅडम? मग द्या की लिहून! त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसते. मलाही बघवत नाही."

"साहेब, वरचा रंग जुळला एवढ्यावर मी माणसाला आत नाही पाठवणार. एका डब्यातून दहा गाड्या रंगतात."

मग त्यांनी जे केलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आधी चारी बाजूंनी माझे फोटो काढले. मग माझा एक कोपरा पात्याने अलगद कापला, पारदर्शक डिंकासारख्या कशात तरी बसवला, वाळवला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. खालून उजेड आला. मॅडमनी डोळा लावला आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई!"

राखाडी, पांढरा, लांबी, पिवळा, गुलाबी, निळा. माझं सगळं आयुष्य ओळीने त्यांच्यासमोर उभं होतं. ज्या पांढऱ्याला मीसुद्धा विसरलो होतो, तो तिथे झळकत होता. पोरांनी ज्या पिवळ्यावर नावं कोरली, तो तिथे होता. मला जन्मात कोणी आतून पाहिलं नव्हतं हो! निळा म्हणून ओळखायचे आणि पुढे जायचे. ही बाई मला कधी भेटलेली नाही, आणि तिने माझी हकिगत मी तोंड न उघडता वाचली. मी थक्क झालो. माणसाची जात एवढी मोठी आहे, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढे आणखी नवल. डोळ्याला न दिसणारा उजेड त्यांनी माझ्या एकेका थरातून सोडला. प्रत्येक रंगाने आपल्या आवडीचा वाटा गिळला, आणि उरलेल्याची वेडीवाकडी रेघ पडद्यावर उमटली. प्रत्येक रंगाची रेघ वेगळी.

गप्प्याच्या पोच्यापासच्या रंगात तीनच थर निघाले: प्रायमर, पांढरा, निळा. मामांच्या दाराच्या रंगातही तेच तीन. म्हणजे मी दोघांचाही नाही! मॅडमनी तसा अहवाल लिहायला घेतला. आणि मी, खरं सांगतो, आनंदाने उड्या मारल्या. सुटले माझे मामा! मावशींची आठवण मला त्या वेळी झाली नाही, याची आज लाज वाटते.

पण त्या प्रयोगशाळेची एक रीत आहे. एकाने तपासलं की दुसऱ्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. तो दुसरा माणूस म्हणजे एक टकले गृहस्थ, ज्यांना सगळे मागे शंकासुर म्हणत आणि पुढे सर. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा पाहिल्या, रेघा पाहिल्या आणि शेवटी पुड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या.

"मॅडम, हा दुसरा नमुना दाराचा आहे."

"हो."

"अहो, दणका काय दाराला बसला? गाडीचं दार कारखान्यातलं असेल, पण बाकीचे भाग कुठले कुठले, तुम्हाला काय ठाऊक? या कणाने एवढे कपडे बदललेत. हा आधी दुसऱ्याच कुठल्या गाडीवर राहून आलाय."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "असं कसं सुटलं माझ्या नजरेतून!" मला वाटलं, आता मोठ्या माणसांचं भांडण होणार. कसलं काय! त्यांनी लिहिलेला कागद रद्द केला, त्यावर तारीख घातली, चूक काय झाली ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि सही केली. मग दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक भागाचा रंग मागवला.

साहेबांचा फोनवर नुसता जाळ. "आणखी आठ दिवस त्या गप्प्याला आत ठेवू का मी?" पण गेले. आणि परत आले ते अख्खं मडगार्ड काखोटीला मारून.

"तो म्हातारा ड्रायव्हर रडला हो, मॅडम," साहेब टेकत म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "मडगार्डच्या कडेला लाँड्रीचं नवीन स्टिकर चिकटवलं होतं. मी नख लावलं तर हा मटकन खाली बसला. मग स्वतःच उठला, पाना आणला आणि नट सोडून दिले."

स्टिकरखाली एक लहानसा खड्डा होता. मॅडमनी माझे आधी काढलेले फोटो त्याच्या शेजारी ठेवले. माझा प्रत्येक कोपरा, प्रत्येक कंगोरा त्या खड्ड्यात बसत होता. आजूबाजूच्या रंगात सहाही थर त्याच ओळीने होते. शंकासुर दोन दिवस शंका शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. मला माझं घर परत मिळालं होतं आणि मी मनातल्या मनात ओक्साबोक्शी रडत होतो.

त्याच संध्याकाळी गप्प्या सुटला. बायकोने ठाण्याच्या पायरीवरच त्याला मिठी मारली आणि म्हणाली, "आता तरी बोला काहीतरी!" तो म्हणाला, "घरी चल." हे मला साहेबांकडून कळलं. सांगताना तेही हसत होते.

कोर्टात मॅडमना शपथ दिली. "हा कण याच मडगार्डचा आहे," त्यांनी सांगितलं. मामांचे वकील उठले. "गाडी त्या वेळी कोण चालवत होतं, हेही या कणाने सांगितलं का?"

"नाही. ते हा कण सांगू शकत नाही."

मला सगळं माहीत होतं! झाकण, ब्रेक, गिअर, सगळं. पण मॅडमना जेवढं दिसलं होतं, तेवढंच त्या बोलल्या. त्यापलीकडे एक अक्षर नाही. चीड आली मला, आणि त्याच क्षणी त्यांच्यासमोर मान खाली घालावीशी वाटली.

न्यायाधीशांनी मला भिंगाखाली पाहिलं. तेवढ्यात साक्षीला आलेल्या मावशी कुबडीवर भार देत उठल्या. "साहेब, मलाही बघू द्या की."

त्या वाकल्या. त्यांचा भलामोठा डोळा माझ्यावर आला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"एवढासा?" त्या म्हणाल्या. "गाडी गेली, गाडीवाला गेला. हा एवढासा जीव तेवढा थांबला होता माझ्यापाशी."

मग मागून बाक सरकल्याचा आवाज आला. वकील "बसा, बसा" म्हणत होते, पण मामा उभे राहिले होते.

"मीच होतो," ते म्हणाले. "ब्रेक लावला होता, मावशी. दाराच्या कडीवर हात पण ठेवला होता. उतरलो नाही."

आता मी सीलबंद पुडीत आहे, पुडी पाकिटात, पाकीट लोखंडी कपाटात. वर्षातून एकदा कोणीतरी येऊन मोजणी करतं आणि दार लावून घेतं. मामांवर माझा राग नाही, असं म्हणायला जातो आणि मध्येच अडखळतो. माया आहे, तेवढं नक्की.

तुमच्याही हातून कधी कुणाला धक्का लागेल. माणूस आहात, लागेल. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही तरी चालेल, पण खाली उतरा आणि त्याच्यापाशी बसा. मी तिळाएवढा होतो, मला बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. तुम्हाला हाक मारता येते.