तीस पडद्यांवरची एक ओळ

"काका, हे 'जेवलात का' काय आहे?"

शाळेची लॅब तपासायला आलेल्या इंजिनिअर मॅडमनी विचारलं तेव्हा लॅबवाले काका शेवटच्या संगणकामागची वायर खोचत होते. त्यांनी मान वर केली. तीसच्या तीस पडद्यांवर, डाव्या कोपऱ्यात, त्या नावाची फाइल.

नवी सिस्टीम त्यांना अनोळखी होती. आपल्याच घरात कुणी भिंती हलवाव्यात, तशी वीस वर्षांच्या सवयीची बटणं जागेवर नव्हती. उद्या सकाळी परीक्षा. लॅब तयार नसली तर काम बाहेरच्यांकडे आणि काका गोदामात, असं मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. म्हणून तीन दिवस खपून काकांनी एकच मशीन मनासारखं लावलं, त्याची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढली आणि बाकीच्या एकोणतीस मशीनवर जशीच्या तशी उतरवली.

मराठी टायपिंग चालतंय का हे पाहायला त्या पहिल्या मशीनवर एक ओळ लिहिली होती. बोटांना सुचली ती. बायको रोज एक वाजता फोनवर एवढंच विचारायची. डबा उघडलेला नसला तरी काका म्हणायचे, "हो, आत्ताच." तो फोन थांबून वर्ष होत आलं होतं.

"चाचणीची ओळ. पुसायची राहिली."

"मी पण हात लावते."

"बसा तुम्ही. घोळ माझा, निस्तरणार मी."

"बरं. पण उद्या पोरांनी पेपरात 'हो, जेवलो' लिहिलं, तर मार्क तुम्हीच द्या."

काका हसले आणि दारापासून सुरुवात केली. दुपारचं ऊन खिडकीच्या पडद्याआडून पाण्यासारखं हलत होतं. पंख्यांची एकसुरी घरघर. प्रत्येक खुर्चीपाशी तोच प्रश्न त्यांच्याकडे पाहत होता, जणू एकाच घराच्या तीस खिडक्यांतून कुणी डोकावत होतं. पुसताना मशीन विचारायचं, नक्की काढू? काका 'हो' दाबायचे. एकोणतीस वेळा दाबलं.

उरलं ते सगळ्यांत आधी लावलेलं, पहिलं मशीन. तिथे त्यांनी फाइल उघडली. ओळीखाली कर्सर लुकलुकत होता, थांबायची सवय असल्यासारखा.

मॅडम खिडकीकडे वळून फोनवर बोलत होत्या. काकांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'नाही अजून'.

मग तीही फाइल पुसली, आणि पिशवीतून डबा काढून मांडीवर घेतला.