तपासणीची परसबाग

नालवाडीच्या टोकाला असलेल्या वस्तीत बायकांच्या गटाने समाजमंदिरामागे सामाईक परसबाग केली. अध्यक्ष लीलाबाई. पालकाचे वाफे सहा, मेथीचे चार, कोंबड्या अकरा; आकडे त्यांना तोंडपाठ! फक्त त्यातले कुणाच्या ताटात किती पडले, ते विचारू नका. तपासणीला साहेब यायचे होते ना! तोवर पान तोडायचे नाही, अंडी टोपलीत जमवायची; फोटोत टोपली भरलेली दिसायला हवी. साहेबांची तारीख तीनदा पुढे गेली. फाटकाचे कुलूप मात्र तसेच. आपणही पाहुण्यांसाठी नव्या कपबशा झाकून ठेवतोच की!

सोमवारी अंगणवाडीत वजने झाली. लीलाबाईंची दोन वर्षांची नात वर्षाली मागच्या महिन्यात साडेआठ किलो होती. आता भरली आठ किलो दोनशे.

"काकू, आणखी घसरली तर भरती करा लागन," सेविका म्हणाली. "पोरीले अंडं द्या, पालेभाजी द्या."

सून मोहिनीने भीतभीत विचारले, "आई, आपल्या बागेतलं आणू का?"

"बुधवारी साहेब येऊन राह्यले. दोन दिवस थांब ना!"

संध्याकाळी पोरगी आजीच्या मांडीवर नुसती पडून होती. गालावर माशी बसली, तरी तिने हात हलवला नाही.

तेवढ्यात कोंबड्यांना दाणे टाकणारी म्हातारी धुरपता फाटकाची किल्ली मागायला आली. पोरीकडे पाहून थबकली.

"काऊन व लीला, पालक साहेबासाठी पेरला का पोट्ट्यायसाठी?"

"गटाची इज्जत हाये, मावशी."

"मंग अध्यक्षाची नात दवाखान्यात भरती झाली का, त्याचाबी फोटो काढजो!"

लीलाबाई ताडकन उठल्या. पोरीला मोहिनीच्या कडेवर देऊन त्यांनी अंड्यांची टोपलीच आणली. धुरपताने बादलीत पाणी घेतले. "थांब, पाहू दे. नासलं अंडं तरंगते."

पहिले तरंगले. दुसरेही. तिसरेही! महिनाभर जपलेल्या टोपलीतली वरची कालपरवाची चार-दोन सोडली, तर एकही अंडे बुडाले नाही.

"अरे देवा! माह्या हातानं नासवली व, मावशी!"

त्या धावतच बागेत गेल्या. खुराड्यात त्या दिवशीची चार अंडी होती. एक वर्षालीला, बाकीची चांगली सगळी शेजारच्या लेकरांना. मग घराघरातून बायकांना हाका मारल्या आणि दिवेलागणीपर्यंत वाफे खुडून झाले.

बुधवारी साहेब खरेच आले. "बाई, बागेत तर काहीच दिसत नाही!"

"दिसन कसं, साहेब? लेकरायनं खाल्लं."

साहेब काय लिहून गेले, याची लीलाबाईंना फिकीर नाही. पुढच्या महिन्यात काटा काय सांगतो, याची धाकधूक मात्र आहे. महिन्याचे राहिलेले खाणे दोन दिवसांत भरून निघत नाही. बंधुभगिनींनो, आपल्या वस्तीत अशी बाग असेल, तर वाफे नंतर मोजा. आधी लेकरांच्या ताटात काय पडले, ते पाहा!